संधायसंभाषा : आयुर्वेद महाविद्यालयाचा अर्थसंकल्प आणि शिक्षक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा. ज्ञानी, न रागावणाऱ्या, समजून घेणाऱ्या आणि समजावून सांगणाऱ्या व्यक्तीशी विश्वासाने करावयाची ती पहिली. प्रतिपक्षाचे बलाबल तोलून आणि परिषद पारखून करावयाची ती दुसरी. पदवी परीक्षेसाठी हा भाग आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. पुढे व्यवसायात पडल्यावर मात्र एखाद्या परिसंवादातील प्रश्नोत्तरांपलीकडे त्याची आठवण सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात हीच दोन परिमाणे एका अगदी व्यावहारिक विषयाला लावून पाहावयाची आहेत. आयुर्वेद महाविद्यालयाचा पैसा कोठून येतो, कोठे जातो, आणि त्याविषयी शिक्षकांची संघटना व प्रशासन यांच्यात बोलणे कसे होते, किंवा का होत नाही, हा तो विषय होय.

या त्रैमासिकाचे बहुसंख्य वाचक स्वतंत्र व्यवसाय करणारे वैद्य आणि औषधी दुकानांचे व रसशाळांचे चालक आहेत. महाविद्यालयीन शिक्षकांच्या पगाराशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या चिकित्सालयात साहाय्यक म्हणून येणारा नवपदवीधर याच महाविद्यालयांतून घडून येतो. नाडी पाहताना त्याचे बोट अडखळते की नाही, कल्क आणि फाण्ट यांतला भेद त्याने हाताने करून पाहिला आहे की केवळ लिहून काढला आहे, हे त्याला शिकवणारा माणूस वर्गात प्रत्यक्ष उभा होता की नाही यावर ठरते. रसशाळाचालकांचा संबंध तर याहून थेट आहे. महाविद्यालयाच्या रुग्णालयाला औषधे पुरविणाऱ्या कोणालाही विचारावे : जेथे शिक्षकांचे पगार तीन-तीन महिने रखडतात तेथे औषधांची देयकेही रखडतात. दोन्ही एकाच थैलीतून निघतात.

प्रथम व्यवस्थेची रचना पाहू. कारण रोगाचे अधिष्ठान तेथेच आहे. महाराष्ट्रात शासकीय, अनुदानित व विनाअनुदानित अशी तीन प्रकारची आयुर्वेद महाविद्यालये आहेत. वरळीच्या पोदार महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थेतील शिक्षकाचा पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो, अनुदानित संस्थेतील शिक्षकाला शासनाचे वेतन अनुदान मिळते. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत आयुर्वेदातही अशा संस्था झपाट्याने वाढल्या. आज नव्याने नोकरीला लागणाऱ्या बहुतेक शिक्षकांची गाठ याच तिसऱ्या प्रकाराशी पडते.

या शिक्षकाचे धनी चार. किती शिक्षक असावेत हे नियामक संस्था ठरवते; पूर्वी ते भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेकडे होते, जून २०२१ पासून ते राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाकडे आहे. नेमलेल्या शिक्षकाला मान्यता देते ते १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. विद्यार्थ्याने किती शुल्क भरावे हे ठरवते शुल्क नियामक प्राधिकरण. आणि प्रत्यक्ष पगार देते ती संस्था, म्हणजे विश्वस्त मंडळ. शिक्षक पगाराची तक्रार घेऊन निघाला की प्रत्येक दारात त्याला पुढचे दार दाखवले जाते. विद्यापीठाच्या अधिसभेत शिक्षकांचे प्रतिनिधी असतात, तेथे अर्थसंकल्पावर चर्चाही होते. पण तो विद्यापीठाचा अर्थसंकल्प. संलग्नीकरण शुल्क, परीक्षा शुल्क, परीक्षकांचे मानधन यांचा त्यात विचार होतो. त्याच शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराचा आकडा त्या पुस्तिकेत कोठेही नसतो. जेथे बोलता येते तेथे पैसा नाही, आणि जेथे पैसा आहे तेथे बोलण्याची सोय नाही.

आता शुल्क कसे ठरते ते पाहणे अगत्याचे आहे. टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी संस्थांना शुल्क ठरविण्याची मुभा दिली, पण नफेखोरीस मज्जाव केला. पुढल्याच वर्षीच्या इस्लामिक अकॅडमी प्रकरणातील आदेशानुसार राज्याराज्यांत शुल्क समित्या आल्या. आपल्याकडे शिक्षण शुल्क समिती होती, आणि २०१५ च्या कायद्याने तिची जागा शुल्क नियामक प्राधिकरणाने घेतली. पद्धतीचा गाभा सोपा आहे. संस्थेने लेखापरीक्षित हिशेब सादर करावयाचे, त्यातील मान्य खर्च विद्यार्थिसंख्येत विभागावयाचा, वाढ व विकासासाठी वाजवी भर घालावयाची. मान्य खर्चातील सर्वांत मोठी बाब कोणती? वेतन.

येथे थोडे गणित मांडतो. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत; पद्धत मात्र खरी आहे. २०१६ च्या किमान मानक नियमांत ६० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयास ३० शिक्षक व १०० क्षमतेस ४५ शिक्षक अपेक्षित होते. ६० क्षमतेचे महाविद्यालय घेऊ. चार वर्ग धरले तर विद्यार्थी २४०. समजा, हिशेबात ३० शिक्षकांचे सरासरी मासिक वेतन ६० हजार रुपये दाखवले आहे. वर्षाचे होतात २ कोटी १६ लाख. प्रत्येक विद्यार्थ्याच्या शुल्कात शिक्षकांच्या वेतनाचा वाटा झाला ९० हजार. आता समजा, शिक्षकांच्या हाती प्रत्यक्षात सरासरी ३५ हजारच पडतात. वर्षाचे १ कोटी २६ लाख. फरक ९० लाखांचा. म्हणजे कोणालाही कधी न दिलेल्या पगारापोटी प्रत्येक विद्यार्थी वर्षाला ३७ हजार ५०० रुपये भरतो. शेतकऱ्याच्या घरातील मुलगी बी.ए.एम.एस.ला असेल तर साडेचार वर्षांत ही रक्कम १ लाख ६८ हजारांवर जाते.

हा फरक पडतो कसा, हे महाविद्यालयांच्या वर्तुळात वावरणाऱ्यांना सांगावे लागत नाही. मी स्वतः काही वर्षे एका विनाअनुदानित महाविद्यालयात शिकवीत असे. रुजू होतानाच मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात जमा करून घेतली गेली आणि बँकेत उघडलेल्या वेतन खात्याच्या धनादेश पुस्तिकेवर सह्या मागितल्या गेल्या. महिन्याच्या सात तारखेला खात्यात पूर्ण वेतन जमा व्हायचे, नऊ तारखेला त्यातील ठरलेली रक्कम त्याच सह्यांच्या आधारे बाहेर पडायची. हिशेबतपासनीसाच्या दृष्टीने सर्व यथास्थित. आयकराचे विवरणपत्र भरताना मात्र न मिळालेल्या पगारावरचा कर भरावा लागे, हा त्यातला विनोद. सर्वच संस्था अशा आहेत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पगार नियमित व पूर्ण देणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत आणि तेथील वर्गही पाहिले आहेत. फरक कळतो.

याच आजाराचे दुसरे रूप म्हणजे कागदी शिक्षक. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण येथे बोट आपल्याच दिशेने वळते. तालुक्याच्या ठिकाणी चांगला व्यवसाय करणाऱ्या पदव्युत्तर वैद्याचे नाव एखाद्या दूरच्या महाविद्यालयाच्या पटावर असते. तपासणीच्या दोन दिवसांसाठी त्याला बोलावणे येते, प्रवासखर्च व मानधन मिळते, आणि उरलेले वर्षभर त्या विषयाचा तास एकतर होत नाही किंवा दुसराच कोणी घेतो. आयोगाने प्रत्येक शिक्षकास संकेतांक दिला, आधारशी जोडलेली बायोमेट्रिक उपस्थिती सक्तीची केली. त्यामुळे हा प्रकार अवघड झाला आहे. तरीही जो वैद्य आपले नाव असे भाड्याने देतो तो त्या महाविद्यालयातील पूर्णवेळ शिक्षकाची पगारवाढ मागण्याची शक्तीच काढून घेतो. ज्याची जागा कागदावर स्वस्तात भरता येते त्याच्याशी वाटाघाट कोण करणार?

प्रशासनाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही एकांगी चिकित्सा होईल. आयुर्वेद महाविद्यालय चालविणे स्वस्त नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाला रुग्णालय लागत नाही. आपल्याला लागते, आणि तेही चालते. २०१६ च्या नियमांत ६० जागांना ६० खाटांचे रुग्णालय होते. परिचारिका, पंचकर्म साहाय्यक, स्वयंपाकघर, औषधी भांडार, वनौषधी उद्यानाचा माळी, यांचा खर्च थांबत नाही. रुग्णाकडून मिळणारे उत्पन्न त्याच्या जवळपासही जात नाही. अनेक ठिकाणी रुग्ण यावेत म्हणून औषधे विनामूल्यच द्यावी लागतात. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाकडून हप्त्याहप्त्याने आणि उशिरा येते. पगार मात्र दर महिन्याला द्यावयाचा असतो. एखाद्या प्रामाणिक संस्थेचा पगार रखडतो तेव्हा कारण बहुधा हेच असते. शिक्षकांच्या संघटनेने हे कारण आधीच खोटे ठरवू नये. कागद पाहून ठरवावे. पण कागद दाखवला जात नाही, आणि म्हणून खरे कारण व सबब यांत भेद करता येत नाही. माझ्या मते सर्व बिघाडाचा हेतू हाच आहे.

विगृह्यसंभाषा कशी होते आणि तिचे मोल कोण देते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिले आहे. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशी राज्यातील विद्यापीठीय व महाविद्यालयीन शिक्षकांना १२ ऑगस्ट २००९ च्या शासन निर्णयाने लागू झाल्या. जानेवारी २००६ ते मार्च २०१० या काळातील वाढीव खर्चाचा ८० टक्के भार केंद्राने व २० टक्के राज्याने उचलावयाचा होता. केंद्राचा वाटा आधी की राज्याने आधी द्यावयाचे, या घोळात थकबाकी अडकली. जोडीला १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या, नेट-सेट नसलेल्या शिक्षकांच्या सेवेचा प्रश्न होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये एमफुक्टो या महासंघाने परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तो उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर मे महिन्यात मागे घेतला गेला. परीक्षा लांबल्या, निकाल लांबले. शासनाने ७१ दिवसांचे वेतन रोखले आणि ते परत मिळविण्याची मागणी २०१८ च्या संपापर्यंत चालू राहिली. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या असे मला तेव्हाही वाटले. परंतु त्या भांडणात एक गोष्ट होती जी आपल्या विनाअनुदानित महाविद्यालयात नाही : रक्कम किती, कोणत्या काळाची, कोणाचा वाटा किती, हे सर्व छापील शासन निर्णयात होते. वाद देण्याचा होता, आकड्याचा नव्हता.

हिशेब समोर ठेवून बोलणी कशी होतात हे पाहण्यासाठी मात्र थोडे दूर, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जावे लागते. तेथील कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी हे तेव्हा २३ परिसरांचे राज्य विद्यापीठ होते आणि त्याचे शिक्षक, ग्रंथपाल, समुपदेशक व क्रीडा प्रशिक्षक मिळून सुमारे २९ हजार जण कॅलिफोर्निया फॅकल्टी असोसिएशन या एका संघटनेच्या कराराखाली येतात. राज्याच्या कायद्याने विद्यापीठावर या संघटनेशी वेतन व सेवाशर्तींबाबत वाटाघाट करण्याचे बंधन आहे. २०२३ साली संघटनेने १२ टक्के वाढ मागितली. प्रशासनाने सांगितले की यासाठी वर्षाला ३८ कोटी डॉलर लागतील, आम्ही ५ टक्के देऊ शकतो. संघटनेने विद्यापीठाचा ताळेबंद लेखाशास्त्राच्या एका प्राध्यापकाकडून तपासून घेतला आणि राखीव निधीकडे बोट दाखवले. प्रशासनाचे उत्तर असे की राखीव निधी एकदाच खर्च करता येतो, पगार दरवर्षी द्यावा लागतो. त्रयस्थ तथ्यशोधकाने ७ टक्क्यांची शिफारस केली. जानेवारी २०२४ मध्ये प्रशासनाने बोलणी सोडून ५ टक्के एकतर्फी जाहीर केले, २२ जानेवारीला सर्व परिसरांवर संप झाला, आणि पाच दिवसांचा ठरलेला संप पहिल्याच रात्री तडजोडीने मिटला.

ती तडजोड मुळातून समजून घेण्यासारखी आहे. १ जुलै २०२३ पासून पूर्वलक्षी ५ टक्के, आणि १ जुलै २०२४ पासून आणखी ५ टक्के, मात्र राज्याने विद्यापीठाच्या मूळ अनुदानात कपात केली नाही तरच. पैशाची अनिश्चितता लपवून न ठेवता करारातच लिहिली गेली. अपत्यजन्माची सवेतन रजा सहा आठवड्यांवरून दहा आठवडे झाली, स्तनपानासाठी जागा देण्याचे कलम आले, अत्यल्प वेतनश्रेणीतील शिक्षकांना टक्केवारीखेरीज वेगळी वाढ मिळाली. कित्येक सदस्यांना हे फार थोडे वाटले. मतदानात सुमारे तीन चतुर्थांश मतांनी करार संमत झाला. मला त्यातील टक्केवारीपेक्षा राखीव निधीवरील तो वाद अधिक मोलाचा वाटतो. दोन्ही पक्षांच्या हाती एकच ताळेबंद होता आणि भांडण त्याच्या अर्थाविषयी होते. आचार्यांनी संधायसंभाषेत अपेक्षिलेला विश्वास त्यात नव्हता. पण ज्ञेय वस्तू तरी एक होती.

आपल्याकडे कायद्याचा असा आधार शिक्षकाला का नाही, याचे उत्तर गोव्यातील एका खटल्यात आहे. तेथील एका शाळेने नोकरीवरून दूर केलेल्या शिक्षिकेने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ ठरला होता. तरीही १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. त्याचे काम शारीरिक, कारकुनी वा तांत्रिक या वर्गांत बसत नाही, विद्यादान हे त्यापलीकडचे कार्य आहे. गौरव झाला, पण संरक्षण गेले. परिणामी महाविद्यालयातील लिपिक व परिचारिका ज्या दाराने आत जाऊ शकत होत्या ते दार आचार्यांना बंद राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तिच्यातील कामगाराच्या व्याख्येतही अध्यापनाचा उल्लेख नाही, शिवाय धर्मादाय स्वरूपाच्या संस्थांना ‘उद्योगा’तून वगळण्याची तरतूद आहे. आपल्या बहुतेक संस्था विश्वस्त न्यास आहेत, हे लक्षात घ्यावे.

काही दारे मात्र उघडली आहेत आणि आपल्या शिक्षकबंधूंना ती ठाऊक नसतात. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, हे त्यातील प्रमुख. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना ते नाकारले होते. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने ते दिले, आणि खाजगी शाळांनी दिलेले आव्हान २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळले गेले. हिशेब असा : शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. ४० हजार वेतन व दहा वर्षे सेवा असेल तर सुमारे २ लाख ३० हजार ७७० रुपये. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे आणि तेथे ‘वेतना’ची व्याख्याही बदलली आहे. मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकी सर्व भत्त्यांत दाखवण्याची जी युक्ती होती ती आता पूर्वीइतकी चालणार नाही. वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर महाविद्यालयांना १९८२ पासूनच लागू आहे.

न्यायालयाचा सूरही एकसारखा नाही. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्वेद वैद्यांचे काम एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या तोडीचे नसल्याने समान वेतन देता येणार नाही असे म्हटले. आपल्यापैकी अनेकांना ते लागले. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्लीच्या महापालिकेतील आयुष वैद्यांना निवृत्तीच्या वयाबाबत समान वागणूक त्याच न्यायालयाने दिली होती. या दोन भूमिकांतील अंतरामुळे हा मुद्दा ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. ऑगस्ट २०२५ मधील आणखी एक निकाल गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा आहे. महिना ३० हजारांवर राबणाऱ्या या शिक्षकांना वेतनश्रेणीचे किमान वेतन देण्याचा आदेश देताना न्यायालयाने, समारंभांत गुरुवंदना म्हणून भागत नाही, अशा आशयाचे बोल सुनावले. धन्वंतरी जयंतीला व्यासपीठावरून गुरुपरंपरेचा महिमा सांगणाऱ्या सर्वांनी ते ऐकण्यासारखे आहेत.

पैशाखेरीज सेवाशर्तींचे प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी काहींना तर एक रुपयाही लागत नाही. मूळ प्रमाणपत्रे परत देण्यास खर्च काय? नेमणुकीच्या आदेशाची प्रत शिक्षकाच्या हाती देण्यास खर्च काय? लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष महिला हवी, बाहेरची एक सदस्य हवी. फलकावर नावे लागलेली असतात; त्या समितीची बैठक केव्हा झाली असे विचारले तर प्राचार्य लेखनिकाकडे पाहतात. आज आयुर्वेदाच्या वर्गात व अध्यापकवर्गात स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. प्रसूतिरजा मागितली की राजीनामा मागण्याची रीत मात्र अजून ऐकू येते, जरी कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची सवेतन रजा दिली आहे.

खाजगी व्यवसायाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बायोमेट्रिकमुळे शिक्षकाला पूर्ण वेळ महाविद्यालयात थांबावे लागते, ते योग्यच. पण ३५ हजारांत घर चालत नाही म्हणून तो सायंकाळी दवाखाना चालवतो, आणि शिस्तीचा विषय निघाला की प्रशासन नेमके तेच त्याच्यावर उगारते. ॲलोपॅथीच्या शासकीय महाविद्यालयांत व्यवसायरोध भत्ता देऊन हा पेच सोडवण्याची जुनी रीत आहे. विनाअनुदानित संस्थेला तो भत्ता परवडत नसेल, तर कामाच्या वेळेबाहेरच्या व्यवसायास लेखी परवानगी द्यावी. आमच्या विद्येला तर शिकवणारा वैद्य चिकित्सा करीत असणे हे भूषण आहे. पंचकर्म विभागाचा प्रमुख जर सहा महिन्यांत एकदाही वमन देत नसेल तर त्याने ते शिकवावे कसे?

मग करावे काय? संप हा विगृह्यसंभाषेचा शेवटचा टप्पा होय, आणि विनाअनुदानित आयुर्वेद महाविद्यालयात तो बहुधा निष्फळ ठरतो. ३० शिक्षकांपैकी दहा जण वार्षिक कराराचे व पाच कागदी असतील तर संप करणार कोण? आचार्यांनी परिषदेचे ज्ञानवती व मूढ असे दोन, आणि त्यांत पुन्हा सुहृत्, उदासीन व प्रतिनिविष्ट असे भेद सांगून बजावले आहे की प्रतिनिविष्ट परिषदेत कोणाशीही वाद मांडू नये. विश्वस्तांच्या बैठकीत पगाराचा विषय एकट्या शिक्षकाने काढणे म्हणजे नेमके हेच. परिषद निवडावी लागते. ती शुल्क प्राधिकरणाची असू शकते, विद्यापीठाच्या अधिसभेची असू शकते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखेचीही असू शकते. कारण तेथे शिक्षक, संस्थाचालक वैद्य व औषधी व्यावसायिक तिघेही सदस्य म्हणून एकाच सतरंजीवर बसतात. असे दुसरे ठिकाण मला दिसत नाही.

म्हणून आगामी जिल्हा बैठकांत एक साधा प्रस्ताव यावा अशी विनंती आहे. ज्या महाविद्यालयाचे संस्थाचालक आपले सदस्य आहेत त्यांनी दोन कागद शिक्षकांच्या प्रतिनिधींसमोर ठेवावेत : शुल्क निश्चितीसाठी सादर केलेल्या प्रस्तावातील वेतनखर्चाचे पान, आणि त्याच वर्षाचे प्रत्यक्ष वेतनपत्रक. नावे झाकली तरी चालतील, बेरीज दिसली पाहिजे. दोन बेरजा जुळल्या तर प्रतिपूर्ती उशिरा येते, खाटा रिकाम्या राहतात, या अडचणींवर शिक्षकांनी प्रशासनाच्या बाजूने शासनाकडे जावे. अशा वेळी त्यांचे शब्द संस्थाचालकाच्या शब्दांपेक्षा अधिक ऐकले जातील. जुळल्या नाहीत तर पुढली पायरी कोणती हे प्राधिकरणाच्या कायद्यात लिहिलेले आहे.

तिसरा कागद रसशाळाचालक व घाऊक औषध विक्रेते देऊ शकतात. महाविद्यालयीन रुग्णालयांकडे थकलेल्या देयकांची यादी त्यांच्याकडे तारीखवार असतेच. ती वेतनपत्रकाशेजारी ठेवली तर पैसा कोणत्या महिन्यात अडकला आणि कोणत्या महिन्यात तो आला असूनही पुढे गेला नाही, हे एका बैठकीत समजेल. आपल्या जिल्ह्यातील अशी यादी करण्यास दोन पुरवठादार तयार झाले आहेत. इतर जिल्ह्यांतील मंडळींनी आपापल्या शाखा सचिवांकडे ती द्यावी.